बॅग नंतर भर, आधी पत्ता मिळव

प्रश्न : मी कराडचा. मेकॅनिकल झालंय. श्टुटगार्टला मास्टर्सला प्रवेश मिळाला, व्हिसाही हातात आलाय. सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं. घरात दोन मोठ्या बॅगा आणून ठेवल्यात. आई रोज त्यात काहीतरी टाकते आणि बाबा ते काढतात. खोली अजून नाही, पण मित्र म्हणतात तिथं गेल्यावर मिळते. नेमकं काय न्यायचं, काय नाही? कुकर न्यायचा का? जाण्याआधी अजून काय करायला हवं?

उत्तर :

अभिनंदन. बॅगेचं आणि कुकरचं शेवटी सांगते. आधी तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात छोटं वाक्य घेऊ : "खोली अजून नाही."

मी २००९ साली सांगलीहून इकडे आले, तेव्हा माझ्याही बॅगेत सगळं होतं आणि हातात पत्ता नव्हता. गेली बरीच वर्षं बाहेरच्या देशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन हेच माझं काम आहे. दर ऑक्टोबरात तेच चित्र दिसतं. दोन बॅगा, पाठीवर लॅपटॉप आणि ओळखीच्या ओळखीच्या कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर गादी. त्या बॅगांत चिवडा, चार जीन्स आणि इस्त्री असते. जे नसतं त्यावाचून पुढचे दोन महिने अडतं, ते म्हणजे स्वतःचा पत्ता.

जर्मनीत पत्त्याला एवढं महत्त्व का, हे एकदा नीट समजून घे, मग बाकी सगळं आपोआप मार्गी लागेल. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्याला आनमेल्डुंग म्हणतात आणि श्टुटगार्टमध्ये ते ब्युर्गरब्युरो नावाच्या कार्यालयात होतं. त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो, की हा मुलगा अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतो. कागदाचं नाव आहे व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार पाठ नाही झाला तरी चालेल, पण कागद हवाच. भाडेकरार दाखवून भागत नाही, मित्राच्या सोफ्यावर झोपणाऱ्याला तो मिळत नाही आणि हॉटेलवाला बहुधा देत नाही.

नोंदणी झाली की कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. तो नसेल तर पार्टटाइम कामाचा पगार जास्तीचा कर कापून मिळतो. काही बँका नुसत्या पासपोर्ट-व्हिसावर खातं उघडतात, पण पुष्कळ बँका नोंदणीचा कागद मागतात. इथलं साधं खातं उघडल्याशिवाय तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधला, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा थोड्या सुटणाऱ्या पैशांतला, पहिला हप्ता सुटत नाही. व्हिसा संपण्याआधी राहण्याचा परवाना काढायचा असतो, तोही नोंदणी ज्या गावात आहे तिथल्याच परदेशी नागरिक कार्यालयातून. म्हणजे खोली, नोंदणी, बँक, पैसे, परवाना ही एकाच माळेतली मणी आहेत. पहिला मणी नसेल तर बाकीचे ओवायचे कशात?

आता खोली. "घर पाहावं बांधून" म्हणतात ना आपल्याकडे, त्यात "श्टुटगार्टात खोली पाहावी शोधून" एवढी भर घाल. जर्मनीतल्या अवघड शहरांपैकी हे एक. प्रवेश मिळाला म्हणजे हॉस्टेल मिळालं, हा आपला समज इथं चालत नाही. हॉस्टेलं, म्हणजे वोनहाइम, विद्यापीठाची नसतात. ती श्टुडिएरेंडेनवेर्क नावाची वेगळी संस्था चालवते आणि तिच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. केला नसशील तर हे वाचणं थांबव, अर्ज कर आणि मग परत ये. विद्यापीठाच्या फायहिंगन कॅम्पसला लागून आल्मांडरिंग, फाफेनवाल्डरिंग अशा वसाहती आहेत. सगळ्यांना त्याच हव्या असतात आणि प्रतीक्षायादी लांब असते. अर्जात "फक्त फायहिंगन" लिहू नकोस. एस-बानची, म्हणजे इथल्या लोकलची, एस१ गाडी थेट युनिव्हर्सिटेट स्टेशनवर थांबते आणि त्याच मार्गावर एका बाजूला बोब्लिंगन, दुसऱ्या बाजूला एसलिंगन आहे. कॉलेजसाठी रोज कराड-सातारा एसटी केलेल्या मुलाला एसलिंगन लांब वाटायला नको. सप्टेंबरात कुणाचा व्हिसा येत नाही, कुणी दुसरं विद्यापीठ घेतं, आणि अचानक खोल्या सुटतात. तो ईमेल आला की उत्तर द्यायला थोडेच दिवस असतात, म्हणून मेल रोज बघ, स्पॅमचा कप्पासुद्धा.

बाहेर शोधताना डब्ल्यूजी बघायची, म्हणजे तीनचार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट, स्वतःची खोली, सामाईक स्वयंपाकघर. तिथं घरमालक नव्हे, राहणारी मुलंच तुला निवडतात. आपली मुलं इंग्रजीतला एकच मजकूर शंभर ठिकाणी पाठवतात : डियर सर, आय अॅम अ हार्डवर्किंग स्टुडंट. त्यांना हार्डवर्किंग नको असतो, भांडी घासणारा हवा असतो. मोडक्या जर्मनमधल्या चार ओळी लिही. जाहिरातीत त्यांनी स्वतःबद्दल जे लिहिलंय त्यातल्या एखाद्या गोष्टीला उत्तर दे, तुला काय शिजवता येतं ते सांग, व्हिडिओ कॉलला तयार आहेस म्हण. आणि एक प्रश्न न चुकता विचार : इथे आनमेल्डुंग होईल का? "नाही" म्हणाले तर खोली कितीही छान असो, तुझ्या उपयोगाची नाही.

कायमची नाहीच मिळाली तर त्स्विशेनमीटे शोध. कुणी इंटर्नशिपला किंवा परदेशी सेमिस्टरला गेलं की चारसहा महिने खोली दुसऱ्याला देतं, ती ही. पहिलं सेमिस्टर निघून जातं आणि पुढची खोली तू इथं बसून, समोर जाऊन बघू शकतोस. अनेकांचं याच वाटेनं जमलेलं मी पाहिलंय.

फसवणूक मात्र ओळखायला शीक. "मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठव, किल्ली कुरिअरने येईल" असं म्हणणारा माणूस दरवर्षी नव्या नावानं येतो. फोटो हॉटेलसारखे, भाडं निम्मं, घाई दुप्पट. पासपोर्टची प्रत मागितली की सावध हो. अनामत कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी असते, मूळ म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरायच्या आधीचं. आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. खोली न बघता पैसे द्यावेच लागले तर शहरातल्या कुणाला तरी आधी पाहून यायला सांग.

खोली मिळाल्यावरची गोष्ट एवढी छोटी आहे की कोणी सांगत नाही. पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आडनाव लाव, पहिल्याच दिवशी, कागदावर लिहून चिकटपट्टीनं का होईना. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतो, पोस्टमन आडनाव वाचून टाकतो. नाव दिसलं नाही की पत्र परत. एका मुलाचं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं, कारण पेटीवर त्यानं लाडकं नाव लिहिलं होतं आणि पत्रावर होतं आडनाव. कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात वेगळ्या दिवशी येतो, म्हणजे दोन्ही पाकिटं मिळेपर्यंत खात्यातले पैसे नुसते बघायचे. विमा, कर क्रमांक, परवान्याची तारीख, सगळं पोस्टानं. नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचंही पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. "माझ्याकडे टीव्हीच नाही" म्हणून मुलं ते फेकतात. ते घरामागे असतं, टीव्हीमागे नाही. डब्ल्यूजीत मिळून एकदाच भरायचं. जर्मन शिकताना प्रेमाच्या कविता नंतर वाच, आधी तीन शब्द शिक : फ्रिस्ट म्हणजे मुदत, मानुंग म्हणजे थकबाकीची ताकीद, आणि व्हिडरश्प्रुख म्हणजे हरकत. यातला एकही शब्द पत्रात दिसला तर ते पत्र त्याच दिवशी कुणाकडून तरी समजून घे.

पैशाचं गणित घरी वहीत मांडा, बाबांना शेजारी बसवून. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. हे पैसे तुझेच, पण पोचल्यावर लगेच हातात येत नाहीत. खातं, नोंदणी, पडताळणी यात तीन ते सहा आठवडे सहज जातात. नेमक्या याच काळात पहिलं भाडं, अनामत, विम्याचा हप्ता, उशी-पांघरूण, तवा असा सगळ्यात मोठा खर्च असतो. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर किमान अडीच हजार युरो हाताशी ठेव. बहुतेक फॉरेक्स कार्डावर, दोनतीनशे रोख. बेकरीत आणि छोट्या दुकानांत अजूनही रोख लागते.

दुसरं, "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य गावात कुणी म्हटलं असेल तर ते बाडेन-व्युर्टेम्बर्गला लागू नाही. या राज्यानं २०१७-१८ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी लावली आहे. श्टुटगार्ट याच राज्यात येतं. ही फी त्या ९९२ मध्ये धरलेली नाही. वर्षाला ३००० वेगळे काढा, शिवाय दर सेमिस्टरचं छोटं शुल्क. आणि ९९२ मधून विम्याचे दीडशेच्या आसपास आणि खोलीचे साडेचारशे गेले की हातात चारशेही राहत नाहीत. घरी शिजवणाऱ्याला ते पुरतात, रोज बाहेर डोनर कबाब खाणाऱ्याला पुरत नाहीत.

"पार्टटाइम करून भागवीन" हे पहिल्या सेमिस्टरला तरी हिशेबात धरू नकोस. २०२४ च्या मार्चपासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, पण मुभा आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी. जर्मन नसेल तर गोदामात खोके उचलायचं काम मिळतं, आणि त्यानं दमलेला मुलगा सकाळी लेक्चरला येत नाही.

विम्यात एकच ठिकाणी चूक होते. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीच्या विमा संस्थांमध्ये सवलतीचा दर मिळतो. खाजगी विमा स्वस्त दिसतो म्हणून काही जण त्यात जातात, आणि एकदा सूट घेऊन बाहेर पडलं की त्या शिक्षणक्रमात परत येता येत नाही. प्रवासविमा फक्त पोचल्यापासून नाव दाखल होईपर्यंतच्या दिवसांसाठी घे. विद्यापीठाला तुझ्या विम्याची खबर विमा संस्था परस्पर ऑनलाइन पाठवते. ती गेली का, हे विचारून खात्री कर. नावनोंदणी अडण्याचं नेहमीचं कारण हेच असतं.

आता जे कुणी विचारत नाही ते. एटीकेटी. आपल्याकडे विषय राहिला तर राहिला, पुढच्या वेळी काढू. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ते अंगवळणी पडतं. इथे बहुतेक ठिकाणी एका विषयाला दोन किंवा तीनच प्रयत्न असतात. शेवटचा प्रयत्न गेला आणि विषय सक्तीचा असेल, तर नाव काढून टाकतात, आणि तोच शिक्षणक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. हजेरी सहसा कुणी घेत नाही. इंटर्नल नाहीत, सबमिशनला फाईल पूर्ण करून घेणारे सर नाहीत. सेमिस्टर संपताना एक परीक्षा आणि बहुधा सगळे गुण तिचेच. परीक्षेलाही स्वतः ठरलेल्या मुदतीत नाव द्यावं लागतं, तयारी नसेल तर मुदतीत काढूनही घेता येतं. पुण्यात पहिल्या वर्गात आलेली हुशार मुलं पहिल्या फेब्रुवारीत इथं रडताना मी पाहिली आहेत. अक्कल कमी पडली म्हणून नाही, नियमावली उघडलीच नव्हती म्हणून. तुझ्या शिक्षणक्रमाची प्र्युफुंग्सओर्डनुंग, म्हणजे परीक्षेची नियमावली, विद्यापीठाच्या साइटवर आहे. बॅगेची यादी दहा वेळा वाचतोस, ती एकदा वाच. गुणही उलटे आहेत : १.० सर्वात वर, ५.० नापास.

गावाकडून निघण्याआधी करायच्या कामांत पहिलं कॉलेजचं. ट्रान्सक्रिप्टच्या जास्तीच्या प्रती आताच काढून ठेव, नंतर बाबांना खिडकीवर उभं राहावं लागेल. अंतिम पदवी प्रमाणपत्र अजून आलं नसेल आणि प्रवेशपत्रात ते अमुक तारखेपर्यंत द्या असं लिहिलं असेल, तर तात्पुरतं प्रमाणपत्र चालतं का, हे आजच ईमेलनं विचार. दुसरं नावाचं. आपल्या विद्यापीठांच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि कधी शेवटी आईचंही नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. जर्मन कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, नाव लिही. एकदा वेगळं लिहिलंस तर ते वेगळेपण विम्यापासून बँकेपर्यंत पसरत जातं.

भारतातलं सिम बंद करू नकोस, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. रोमिंगला एसएमएस येतो का, हे निघण्याआधी विचारून घे. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी आपल्या परकीय चलन नियमांत अनिवासी धरला जातो, तेव्हा बचत खातं एनआरओ करून घ्यायचं बँकेत सांग. कर्ज असेल तर बाबांच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेव. दाताचं काम राहिलं असेल तर उरकून घे, चष्म्याची दुसरी जोडी घे. रोजचं औषध असेल तर तीन महिन्यांपुरतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीत कंपनीचं नव्हे तर औषधाचं मूळ नाव हवं.

तिकीट काढताना शुक्रवारी रात्रीचं स्वस्त पडलं म्हणून घेऊ नकोस. वोनहाइमची किल्ली हाउसमायस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, देतो आणि तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांतच भेटतो. शनिवारी पोचलास तर सोमवारपर्यंत बाहेर, आणि रविवारी दुकानंही बंद. ३ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी, तीही लक्षात ठेव. मंगळवार-बुधवारी सकाळी उतरणं उत्तम. फ्रांकफुर्टला उतरून आयसीई या वेगवान रेल्वेनं येणार असशील तर पुढच्या गाडीला दोनअडीच तासांचं अंतर ठेव. जर्मन रेल्वे वेळेवर असते ही जुन्या काळची गोष्ट झाली. ब्युर्गरब्युरोची वेळ खोली नक्की झाली की घरूनच ऑनलाइन घे. दोन आठवड्यांनंतरची मिळाली तरी कुणी फासावर देत नाही, फक्त बुक केल्याचा मेल जपून ठेव.

घरात शिरल्यावर दोन स्थानिक रिवाज. जिन्यातली झाडलोट भाडेकरूंनी आळीपाळीनं करायची, याला इथं केरवोखे म्हणतात. तुझी पाळी आली की दारावर पाटी लटकते. आणि हिवाळ्यातही दिवसातून दोनतीनदा खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं हवा खेळवायची. आपण फोडणी देऊन खिडकी बंद ठेवतो, भिंतीला बुरशी येते आणि सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात.

आता बॅग. मूळ कागद, पासपोर्ट, औषधं हातातल्या सामानात. जाड कोट पुण्याहून विकत आणू नकोस, इथं बरा आणि नेमका मिळतो. ऑक्टोबरसाठी एक जॅकेट आणि पाऊस झेलणारे बूट पुरतात. आपला दोन पिनांचा चार्जर इथल्या सॉकेटात बसतो, तीन पिनांचा नाही, म्हणून दोन अॅडॉप्टर घे. डाळ, तांदूळ, पोहे श्टुटगार्टात मिळतात. मिळत नाही तो आईचा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट. ते भरपूर आण, पण दोन पिशव्यांत गुंडाळून.

युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही आणायला बंदी आहे. तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे, खवा, तूप हे सगळं घरीच खाऊन निघ. विमान दुबईमार्गे असेल तर खसखससुद्धा काढून टाक, मसाल्याबरोबर पुडी दिली असेल तीही. तिथं ती अमली पदार्थांत मोडते. इकडे मात्र प्रत्येक बेकरीत पावावर भुरभुरलेली मिळते.

आणि कुकर : हो, आण. तीन लिटरचा, इंडक्शनला चालणाऱ्या सपाट तळाचा. वोनहाइममधल्या शेगड्या काचेच्या असतात, गॅसवरचा गोल बुडाचा कुकर त्यावर नीट तापत नाही. सोबत एक जास्तीची रिंग आणि शिट्टी घाल, ती इथं सहज मिळत नाही. पहिल्यांदा लावशील तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांग. शिट्टीच्या आवाजानं माझ्या मजल्यावरची एक मुलगी चप्पल न घालता जिन्यानं खाली पळाली होती.